रिकीब, जोडा आणि पेडल

शिंद्यांच्या छावणीतल्या आमच्या घरी जोड्यांचा विषय बैठकीत काढण्याची रीत नाही. जोडे ओसरीच्या पायरीखाली काढावेत आणि त्यांचे बोलणेही तिथेच ठेवावे, असा जुना दंडक आहे. गेल्या दिवाळीत आमच्या पुतण्याच्या चिरंजीवांनी तो मोडला. फराळ आटोपून पानसुपारी चालली असता त्यांनी दोन जोड्यांची छायाचित्रे आमच्यापुढे धरली आणि विचारले, "आजोबा, तुम्ही इतिहास वाचता. सांगा, तीन भोकांचा घेऊ की दोन भोकांचा?"

जोड्याला भोके असतात ती नाडीची, एवढेच आमचे ज्ञान. तेव्हा प्रश्न समजून घेण्यातच पहिला तास गेला. सायकलस्वारीसाठी वेगळे जोडे मिळतात आणि त्यांच्या तळव्याला एक लहानशी पट्टी स्क्रूने बसवलेली असते. ती पट्टी पेडलमधल्या खटक्यात 'खट्' करून अडकते. पाय सोडवायचा तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. सपाट सडकेवर वेगाने जाणाऱ्यांच्या जोड्याची पट्टी मोठी, त्रिकोणी व बहुधा प्लास्टिकची असते; ती तीन स्क्रूंवर बसते आणि तळव्याच्या खाली चांगली बोटभर उतरते. डोंगरवाटेच्या सायकलवाल्यांची पट्टी लहान, पोलादी व दोन स्क्रूंची असते आणि जोड्याच्या रबरी खुरांमध्ये ती दडून राहते. पहिला जोडा घालून माणूस उत्तम पेडल मारतो, पण चालतो बदकासारखा, टाचांवर. दुसरा जोडा घालून तो दोन्ही कामे करतो आणि दोन्ही थोडी थोडी कमी करतो. ही 'भोके' ती हीच.

प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटला नाही, याला कारण होते. त्याआधीच्या मार्च महिन्यात या मुलाने तीन भोकांचा एक झकास जोडा घेतला होता. एका दुकानदाराने त्याला तो "गंभीर स्वाराचा जोडा" म्हणून विकला. पहाटे निघून झाशीकडे जावे आणि संध्याकाळपर्यंत परत यावे, असा बेत होता. जाऊन येऊन दोनशे किलोमीटरांचा पल्ला. डबरा मागे पडल्यावर मागच्या चाकाचा टायर कडेने फाटला. बरोबरच्या दोन्ही नळ्या एकामागून एक गेल्या. मग सायकल ढकलत चालणे आले. पहिल्या किलोमीटरातच तळव्याच्या पट्ट्या डांबरावर घासून झिजल्या, पुढे कडेच्या खडीवरून पाय घसरून घोटा मुरगळला. शेवटी जोडे हँडलला टांगून पोराने पायमोज्यांवर वाट चालली. ढाब्यावर पोचला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आले होते. घोट्याचे पट्टे सुटायला तीन आठवडे लागले. आता त्याला सहाशे किलोमीटरांच्या स्वारीत उतरायचे होते. चाळीस तासांची मुदत, बरोबर मदतीची गाडी नाही, जे काय करायचे ते आपले आपण, असा त्या स्वारीचा नियम. त्याची आई दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला जोड्याशी कर्तव्य नव्हते. मुलाने जावे की नाही, हेच ती आमच्या तोंडून ऐकू पाहत होती.

आम्ही सायकलीचे जाणकार नव्हे. परंतु वाहनावर बसलेल्या माणसाच्या पायात काय असावे, हा प्रश्न सायकलीपेक्षा फार जुना आहे आणि आमच्या घराण्यांच्या इतिहासाशी त्याचा निकटचा संबंध आहे. तिथूनच सुरुवात करणे आम्हांला सोपे गेले.

विदिशेजवळच्या सांचीच्या स्तूपावर घोडेस्वारांची शिल्पे आहेत. विदिशा, म्हणजे जुने भिलसे, हा ग्वाल्हेर संस्थानचाच भाग होता, त्यामुळे आपल्या मंडळींपैकी अनेकांनी ती पाहिली असतील. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सांची, मथुरा आणि आपल्या मावळातले भाजे येथील शिल्पांचा दाखला देऊन असे मांडले की, रिकिबीचा सर्वांत जुना अवतार हिंदुस्थानात आढळतो आणि ती रिकीब पायाच्या अंगठ्यापुरती आहे. दोरीचे वा चामड्याचे एक लहान कडे, त्यात अंगठा अडकवायचा आणि तोल सांभाळायचा. शिल्पात दिसते ते खरोखर अंगठ्याचे कडेच आहे की नुसता पट्टा, याबद्दल सर्व अभ्यासकांचे एकमत नाही. पण व्हाइट यांच्या विवेचनातला एक धागा आम्हांला फार मोलाचा वाटतो. उष्ण देशातला स्वार अनवाणी, म्हणून त्याला अंगठ्याची रिकीब पुरली. थंड देशातला स्वार बूट घालणारा, त्याचा अंगठा मोकळा नाही, म्हणून तिथे सबंध पाऊल मावेल अशी रिकीब घडली. चीनमध्ये चांगशा येथील इसवी सन ३०२ च्या थडग्यात मिळालेल्या मातीच्या घोडेस्वारांना अशी रिकीब एकाच बाजूला दाखवली आहे. ती बहुधा चढण्यापुरती असावी. म्हणजे रिकिबीने जोडा ठरवला नाही, जोड्याने रिकीब ठरवली. जाता जाता सांगावेसे वाटते की, कोल्हापुरी चपलेला अंगठ्याचे जे वेटाळे असते, ते पाहिले की आम्हांला त्या सांचीच्या स्वाराची आठवण येते. दोहोंचा वंशसंबंध आहे असे आमचे म्हणणे नाही, पण उघड्या पायाच्या लोकांनी अंगठ्यावर टाकलेला भरवसा दोन्हीकडे एकच आहे.

पुढे सबंध पावलाची रिकीब सर्वत्र आली आणि तिच्याबरोबर एक नवे संकट आले. पाऊल रिकिबीतून आरपार घसरले आणि घोडा उधळला, तर स्वार फरफटत जातो. यावर इराणी स्वारांनी काढलेला उपाय म्हणजे जोड्याची उंच टाच. टाच रिकिबीच्या पट्टीला अडते, पाऊल पुढे जात नाही, आणि रिकिबीवर उभे राहून बाण सोडताना स्वाराला आधारही मिळतो. शाह अब्बासाचे वकील १५९९ साली युरोपकडे निघाले. त्या काळात इराणशी वाढलेल्या संबंधांतून ही टाच युरोपच्या दरबारांत शिरली. तिथे ती घोड्यावरून उतरली आणि मिरवू लागली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर आपल्या टाचा लाल रंगवून घेतल्या. चालण्याला निरुपयोगी, कधीकधी अपायकारक, असे काही पायात असणे हे मोठेपणाचे लक्षण ठरले, कारण ज्याला चालावे लागत नाही तोच ते घालू शकतो. दुकानदाराच्या त्या "गंभीर स्वाराच्या जोड्या"त हीच लाल टाच आम्हांला दिसली.

रिकीब हा शब्द अरबी-फारसीतला, आमच्या इथल्या हिंदी बोलीत रकाब. टाच मात्र आपली. घोड्याला टाच मारणे हा वाक्प्रचार अजून तोंडी आहे, घोडे राहिले नाहीत.

आता मराठ्यांकडे येऊ. आमचे पूर्वज ज्या फौजांबरोबर नर्मदा उतरून इकडे आले, त्या फौजांची ख्याती स्वारांची होती. बारगीर सरकारी घोड्यावर चाकरी करी, शिलेदार स्वतःच्या घोड्यावर. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची उपजीविकाच मेली. दुसरा घोडा मिळेपर्यंत तो पायउतार झालेला सामान्य माणूस. स्वाराचा खरा कस त्यामुळे घोड्यावर लागतो तितकाच घोडा गेल्यावर लागतो, ही गोष्ट त्या काळच्या प्रत्येक घराला ठाऊक होती. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर ती सगळ्या महाराष्ट्राला कळली. त्या संहारातून निसटलेली माणसे उघडी, उपाशी, कित्येक पायी, सूरजमल जाटाच्या मुलखात आली. त्याने त्यांना अन्नवस्त्र दिले आणि पुढे ग्वाल्हेरकडे वाटेला लावले. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई आणि नाना फडणीस त्यांतच होते. नानांनी आपल्या आत्मवृत्तात त्या पळाची हकीकत लिहून ठेवली आहे. आपण ज्या गावात आज पिढ्यान्‌पिढ्या राहतो, ते गाव मराठ्यांच्या इतिहासात अशा रीतीने चालून आलेल्यांचेही गाव आहे. मिरवणुकीच्या इतिहासात हे सहसा सांगितले जात नाही.

त्याच रणातून महादजी शिंदे निसटले ते पायाला जखम घेऊन. पाठलाग करणाऱ्या पठाणाच्या वाराने त्यांचा पाय जायबंदी झाला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून वाचवले, आणि पुढे महादजींनी त्याला भाऊ मानून सरदारीला चढवले. महादजी जन्मभर लंगडत चालले. उत्तर हिंदुस्थान ज्याने घोड्यावरून जिंकला, त्या पुरुषाला दिवाणखाना ओलांडण्याचे कष्ट पडत.

या महादजींच्या चरित्रातच जोड्याची ती प्रसिद्ध कथा येते. सर जॉन माल्कम याने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानाच्या वृत्तांतात राणोजी शिंद्यांविषयीची दंतकथा नोंदवली आहे. राणोजी हे बाजीरावसाहेबांचे जोडे सांभाळण्याच्या चाकरीवर होते. एकदा बाजीरावांना बाहेर यायला फार उशीर झाला, तेव्हा राणोजी जोडे छातीशी घट्ट धरून निजलेले आढळले, आणि त्या इमानावर खूश होऊन बाजीरावांनी त्यांना वर चढवले. कथा खरी की रचलेली, हा वाद जुना आहे. शिंदे कण्हेरखेडचे पाटील. त्यांना जोडेवाल्याची चाकरी कशाला, असे म्हणणारे आमच्या लहानपणी बरेच होते, आणि त्या म्हणण्यात थोडा संताप असे. परंतु १७९२ ची हकीकत ग्रँट डफने दिली आहे, ती बाजूला सारता येत नाही. बादशहाकडून वकील-इ-मुत्लकीची वस्त्रे घेऊन महादजी पुण्यास आले. दरबाराबाहेर हत्तीवरून उतरले, आत सगळ्या मानकऱ्यांच्या खाली जाऊन बसले, आणि सवाई माधवराव आल्यावर बगलेतल्या गाठोड्यातून नवा जोडा काढून त्यांच्यापुढे ठेवला. आमच्या वडिलांचे काम हेच आणि आमचेही हेच, अशा आशयाचे बोलून त्यांनी पेशव्यांचे जुने जोडे उचलून काखेत धरले.

हे राजकारण होते, यात शंका नाही. पुण्यातल्या नाना फडणीसांसह सर्वांना महादजींच्या सामर्थ्याची धास्ती होती, आणि त्या धास्तीला नम्रतेने दिलेले ते उत्तर होते. तरी त्या प्रसंगातली एक बारीक गोष्ट आमच्या मनात राहते. दिल्लीच्या बादशहाचा कारभारी झालेल्या, लंगड्या पायाच्या या सेनापतीने आपल्या घराण्याची खूण म्हणून तलवार पुढे केली नाही की रिकीब नाही. त्याने पुढे केला तो जमिनीवर चालणाऱ्याचा साधा जोडा. ज्यांना या कथेची लाज वाटते, त्यांनी तिच्याकडे या बाजूनेही पाहावे.

दुसरी एक उणीव इथेच नोंदवतो. छावणी म्हणजे हिंडते शहर. १८१० साली दौलतरावांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला आणि त्याचे लश्कर हे गाव झाले; त्याआधी वर्षानुवर्षे तो बाजारासह या मुलखात फिरतच होता. टॉमस ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने १८०९ साली याच फिरत्या तळावरून लिहिलेली पत्रे छापलेली आहेत. अशा तळाला खोगीर-लगाम शिवणारा जिनगर जितका हवा, तितकाच जोडा शिवणारा चांभार हवा. एक स्वाराला घोड्यावर ठेवतो, दुसरा घोड्यावरून उतरल्यावर उभा ठेवतो. आमच्या पाहण्यातल्या घराण्यांच्या कागदपत्रांत घोड्यांचे रंग आणि खुणा आहेत, दाणावैरणीचे हिशेब आहेत, हत्तींची नावेही आहेत. जोडा कुणी शिवला ते नाव नाही. ज्यांच्या घरी जुनी दप्तरे शिल्लक असतील, त्यांनी या दृष्टीने एकदा ती चाळावीत, अशी आमची विनंती आहे.

आता सायकल. स्टार्लीची 'रोव्हर' १८८५ साली आली आणि १८८८ साली डनलॉपने तिला हवेची चाके दिली. त्यापुढची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. आपल्याकडे ती पुण्यामुंबईत रुळली तशी लश्करातही रुळली. बाड्यावरून कचेरीला जाणारे काळ्या टोपीचे आणि पाटलोणीला चिमटा लावलेले कारकून आमच्या लहानपणीही होते. त्या सायकलीचे पेडल म्हणजे दोन रबरी ठोकळे. त्यावर कोल्हापुरी चाले, बूट चाले, अनवाणी पायही चाले. दूधवाला ज्या पायाने गोठ्यात शिरे, त्याच पायाने पेडल मारी. पायात काय घालावे हा प्रश्नच त्या यंत्राने कधी विचारला नाही, आणि कोट्यवधी माणसांनी आयुष्यभर सायकल चालवली ती अशीच. जोड्यांच्या नव्या वादात हे विसरू नये.

प्रश्न उभा राहिला तो शर्यतीत. वेगात पाय पेडलवरून घसरू नये म्हणून चवड्याला पोलादी वाघर आणि तिच्यावरून चामड्याचा पट्टा आला. पट्टा आवळला की पाऊल पेडलशी बांधले जाई. सुटायचे तर हात खाली नेऊन पट्टा सैल करावा लागे. रिकिबीत अडकलेल्या स्वाराचे जुने भय पुन्हा जन्माला आले. या वाघरींच्या एका विख्यात फ्रेंच जातीला यूजेन ख्रिस्तोफ याचे नाव होते, आणि हा ख्रिस्तोफ आमच्या पोराचा थोर पूर्वजच म्हणावा लागेल. १९१३ च्या 'तूर द फ्रांस'मध्ये पिरेनीज पर्वतातला तूरमाले घाट उतरताना त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की दुसऱ्याची मदत घ्यायची नाही. ख्रिस्तोफने सायकल खांद्यावर टाकली आणि सुमारे चौदा किलोमीटर घाट उतरून तो सेंत-मारी-द-काम्पां या खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर पोचला. तिथे त्याने स्वतःच्या हाताने चिमटा जोडला. भाता एका पोराने मारला, म्हणून पंचांनी त्याला वर दंडही ठोकला! शर्यत गेली, नाव राहिले. आम्हांला या गोष्टीत महत्त्वाचे वाटते ते असे की, तो चौदा किलोमीटर चालू शकला. त्या काळचे शर्यतीचे जोडे चामड्याचे होते. तळव्याला खाच असलेली पट्टी ठोकलेली असे खरी, तरी तो मुळात जोडाच होता.

पुढचे पाऊल बर्फावरून आले. फ्रान्समधील नव्हेर येथील 'लूक' हा कारखाना बर्फावर घसरण्याच्या पट्ट्यांचे खटके करी. पडल्यावर बूट आपोआप सुटावा, नाहीतर हाड मोडते, हे त्या खटक्याचे तत्त्व. १९८४ साली त्यांनी तेच सायकलीच्या पेडलला लावले, आणि १९८५ ची 'तूर' बर्नार इनो याने या पेडलवर जिंकली. चामड्याचा पट्टा गेला, वाघर गेली. वाघरीला इंग्रजीत क्लिप म्हणत, म्हणून या नव्या पेडलला 'क्लिपलेस' असे नाव पडले. पायाला अडकवून ठेवणारे पेडल आणि नाव 'क्लिपविरहित', यावरून आमच्या घरी बराच वेळ हशा झाला. हा तीन भोकांचा वंश.

दोन भोकांचा वंश डोंगरातला. कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या टॅमलपाइस डोंगराच्या परिसरात १९७६ पासून काही तरुण जुन्या जाड चाकांच्या सायकली घेऊन उतरणीच्या शर्यती लावू लागले, त्यातून डोंगरी सायकल जन्मली. तिथे चिखल, दगड, ओढे. चढ इतका की अनेकदा उतरून ढकलत न्यावे लागते. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने त्यांच्यासाठी लहान पोलादी पट्टी आणि खुरांचा जोडा काढला. पट्टी तळव्यात दडलेली, पेडलला दोन्ही बाजूंनी खटका, चिखल झडून जावा अशी रचना. हा जोडा करणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच गृहीत धरली, की स्वाराला उतरावे लागणार आहे. सडकेच्या जोड्याने तो कधी उतरणारच नाही असे गृहीत धरले. दोहोंतला सगळा भेद, आमच्या समजुतीने, या गृहीतात आहे.

आणि ते गृहीत केव्हा फसेल याचा नेम नसतो. १४ जुलै २०१६ रोजी मों व्हांतूच्या चढावर पिवळा अंगरखा अंगावर असलेला ख्रिस फ्रूम गर्दीत अडकलेल्या मोटारसायकलीमुळे पडला, त्याची सायकल मोडली, आणि जगातला त्या घडीचा पहिला सायकलपटू तीन भोकांच्या कडक जोड्यांत, सायकलीवाचून, डोंगर चढत धावताना साऱ्या जगाने पाहिला. त्याच्यामागे गाड्या होत्या, कारखाने होते, पंच होते. पुढे निर्णयही त्याच्या बाजूने झाला. डबऱ्यापलीकडच्या सडकेवर यांतले काही नसते.

आमच्या पोराचे म्हणणे न्यायाने मांडायचे तर, तीन भोकांच्या जोड्यालाही गुण आहेत. पट्टी रुंद असल्याने दाब सबंध चवड्यावर पसरतो, दहा-बारा तासांच्या स्वारीत तळव्याची आग कमी होते. पाऊल पेडलवर किती अंश हलू द्यायचे ते पट्टीच्या रंगावरून निवडता येते. शिमानोच्या पिवळ्या पट्टीत सहा अंशांची मोकळीक असते, तांबड्या पट्टीत मुळीच नसते. गुडघे दुखणाऱ्याने तांबडीच्या वाटेला जाऊ नये, हे आम्ही आमच्या गुडघ्यांच्या अनुभवावरून सांगितले. वजनही या जोड्याचे सहसा कमी. पण वेगात पडणारा फरक? कोलोराडो विद्यापीठातल्या स्ट्रॉ आणि क्रॅम या अभ्यासकांनी २०१६ साली स्वारांना मध्यम जोराने पेडल मारायला लावून त्यांचा प्राणवायूचा खर्च मोजला. धावण्याचे साधे बूट व सपाट पेडल, तेच बूट व वाघर, आणि खटक्याचे कडक जोडे, या तिन्हींत त्यांना फरक आढळला नाही. त्याच विद्यापीठातून २०२० साली आलेल्या दुसऱ्या अभ्यासात, सर्व बळ एकवटून झेप घेताना मात्र खटक्याच्या जोड्याचा स्पष्ट लाभ दिसला. म्हणजे शेवटच्या दोनशे मीटरांत शर्यत जिंकायची असेल, तर हा वाद सार्थ. चाळीस तासांत सहाशे किलोमीटर जायचे असेल, तर ती झेप घ्यायची कुठे?

लांब पल्ल्याच्या स्वारीत आपल्या मंडळींनी मोठे नाव केले आहे, हे इथल्या पुष्कळांना ठाऊक नसते. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत दोघांच्या संघाने नऊ दिवसांच्या आत पुरी केली. २०१७ साली नाशिकहून गेलेले लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत, पार केली. त्यांच्यामागे मात्र मदतीची गाडी आणि माणसे असतात. जोडा बदलायचा तर हाताशी दुसरा जोडा असतो. पॅरिसहून ब्रेस्तला जाऊन परत येण्याची १,२०० किलोमीटरांची जुनी स्वारी, जी १८९१ साली प्रथम झाली आणि जिच्यात अलीकडे हिंदुस्थानी स्वार मोठ्या संख्येने जातात, ती याहून निराळी. तिथे ठरावीक ठाण्यांवर उतरून शिक्का घ्यायचा, पाणी भरायचे, पायऱ्या चढायच्या, जमिनीवर पडून तासभर झोपायचे, आणि मधल्या वाटेत कुणाची मदत नाही. या स्वारीत दोन भोकांचा जोडा पुष्कळांच्या पायात दिसतो, तो याच कारणाने.

आमच्या गावाचा विचारही केला पाहिजे. इथला हौशी स्वार सकाळी उरवाई दरवाजाने किल्ला चढतो. वर गेल्यावर मानमंदिरापाशी झिजून गुळगुळीत झालेली फरसबंदी आहे. तिथे प्लास्टिकच्या त्रिकोणावर उभे राहणे म्हणजे शेवाळावर उभे राहणे. तिघऱ्याच्या वाटेवर पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात बारीक धूळ, दोन्ही खटक्यात शिरतात. रेल्वेच्या फाटकापाशी, गाईम्हशींच्या कळपापाशी, गतिरोधकापाशी घडीघडी पाय टेकावा लागतो. आणि परतताना अचलेश्वराच्या दारात जोडा काढावाच लागतो, तेव्हा नाडीपेक्षा पट्ट्याचा जोडा बरा. ही शेवटची सूचना पोराच्या आजीची.

इतके सांगून झाल्यावर दाराशी उभ्या असलेल्या सूनबाईंनी आमच्याकडे पाहिले. त्यांना हवे होते ते उत्तर आम्ही दिले नाही, कारण ते आमचे नव्हते. पोराला जायचे होते. त्याने कोणत्या जोड्यात जावे एवढेच आम्हांला विचारले गेले होते, आणि त्याचे उत्तर आम्ही दिले: ज्या जोड्यात सायकल सोडून दहा किलोमीटर चालता येईल, त्यात जावे. सूनबाईंनी त्याला एक अट जोडली. स्वारीच्या आधी तो जोडा पायात घालून त्याने छावणीपासून बाड्यापर्यंत आणि बाड्यापासून परत, बाजाराच्या गर्दीतून, चालून दाखवावे. त्याने एक सोडून तीन दिवस चालून दाखवले. दुसऱ्या दिवशी डाव्या पायाची पट्टी सैल झालेली आढळली. स्क्रू नीट आवळला नव्हता. कोपऱ्यावरच्या मोचीने स्क्रू काढून त्याला वंगण लावून दिले, जोडा उलटासुलटा करून पाहिला, आणि तळवा इतका कडक का, म्हणून विचारले.

माघात सहाशे किलोमीटरांची स्वारी झाली. एकोणचाळीस तासांना थोडी कमी लागली. वाटेत दोनदा नळी बदलावी लागली आणि पहाटेच्या धुक्यात एका पुलावर, रस्ता दिसेना म्हणून, पोर सायकल हाती धरून बरेच अंतर चालत गेले. तीन भोकांचा जोडा जिन्याखालच्या पेटीत ठेवलेला आहे. त्याच्या पट्ट्या झिजल्या आहेत, जोडा मात्र नवा दिसतो.